रोबोटसाठी रडलात? मग कोणासाठी रडलात ते सांगा

सई_प: सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलाकार जोडीने २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमसाठी 'कान्ट हेल्प मायसेल्फ' हे मांडणीशिल्प केलं. पारदर्शक भिंतींच्या आत कारखान्यातला कुका कंपनीचा यांत्रिक हात, भोवती रक्तासारखा दाट द्रव. द्रव हद्दीबाहेर ओघळला की सेन्सर टिपतात आणि हात तो आत ओढतो. पुढे व्हिडिओ फिरले: 'स्वतःचं गळणारं तेल गोळा करत बिचारा मरतोय.' लोक ढसाढसा रडले. साफ थाप! हात विजेवर चालतो, द्रव म्हणजे दाटपणासाठी सेल्युलोज ईथर घातलेलं रंगीत पाणी. थापेवर मिळालेले अश्रू कलेच्या खात्यात का जमा करायचे?

बोरकूट: असहमत. थाप खपली, कारण हाताकडे बघून तसंच वाटतं. त्याला ३२ हालचाली शिकवल्यात, त्यात एक 'अंग खाजवणं'! पोलादी हात खाजवायला लागला की जीव गुंततोच. ही करामत कलाकारांचीच.

खडूस काका: गुंतला, पण कोणात? विषय आहे सीमा, स्थलांतर, पाळत. तो हात म्हणजे हद्द राखणारा रखवालदार. लाल चिखल आत ढकलतोय, भिंतींवर शिंतोडे उडवतोय. आणि आपण हळहळतो ढकलणाऱ्यासाठी! ज्यांचं रक्त म्हणून ते दाखवलंय, त्यांच्यासाठी एक टिपूसही नाही.

बोरकूट: रखवालदारसुद्धा हुकमाचा ताबेदार असतो, काका. थांबायची मुभा त्याला कुठेय?

खडूस काका: माणसाला असते. म्हणून तर माणसाच्या जागी यंत्र ठेवलंय. हुकूम मोडण्याची शक्यताच संपली, भीती त्याची वाटायला हवी.

अनाहूत: एवढा काथ्याकूट कशाला? याच जोडीने २००३ मध्ये ट्रेडमिलवर कुत्रे समोरासमोर जुंपले होते. २०१७ मध्ये गदारोळ झाल्यावर गुगेनहाइमने त्याचा व्हिडिओ प्रदर्शनातून काढला. यांनी आपल्याला वेदना शिकवायची?

सई_प: कुत्र्यांचं पटलं, तिथे जीव खरा होता. पण काकांचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा जड आहे. मी थापेवर चिडले होते. पण थाप न ऐकताही लोक रखवालदारासाठीच रडले असते, असं दिसतंय.

बोरकूट: म्हणजे रडले असतेच ना? मग जिंकलं कोण?

खडूस काका: कुका कंपनी. फुकट जाहिरात.