कडुनिंबावर मधमाश्यांचा थवा बसला आहे, काय करू?

त्रिमूर्तीनगरला राहते. काल दुपारी कूलरमध्ये पाणी भरत होते, तर एकदम घों घों आवाज! बघते तर अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला पपईएवढा माश्यांचा झुबका. पोळं दिसत नाही, नुसत्या माश्या. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्या पहाटे तिथेच फुलं तोडतात. शेजारचे भाऊ म्हणतात, रात्री टेंभा लावू. मला जाळायचं नाही हो, पण भीती वाटते.

उत्तर १
ताई, टेंभा अजिबात नको. पोळं नाही म्हणजे थवा मुक्कामाला थांबलाय. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते, टेहळ्या माश्या जागा शोधतात आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत सगळ्या उडून जातात. राखायला पिल्लं नाहीत, मध नाही, म्हणून छेडल्याशिवाय सहसा चावत नाहीत. धूर, दगड, फवारा काही नको. मुलांना आत ठेवा, आजींना दोन दिवस अंगणात जाऊ देऊ नका.

उत्तर २
माश्या मोठ्या असतील तर आग्या समजा, लांब राहा. एक चावली की डंखाच्या वासाने बाकीच्या धावतात. काटा नखाने लगेच खरवडून काढा. तोंड सुजलं, दम लागला तर थेट १०८.

ताईंचं उत्तर
आज साडेदहाला माश्या उठल्या! पाच मिनिटांत फांदी मोकळी. सासूबाईंनी खिडकीतून हात जोडले. कूलरवर अजून दोन-चार येतात, म्हणून परातीत पाणी आणि खडे ठेवलेत.