रात्री आठची घोषणा आणि आपलं घर : तुमचे अनुभव लिहा

मागाचा_आवाज
काल लोखंडी कपाट हलवलं तर मागे आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स सापडली. कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात ‘४००० बदलून आणणे’ आणि तारीख ११/११/२०१६. नोटा बदलायला फॉर्मसोबत ही झेरॉक्स द्यावी लागायची, त्यातली एक जादाची राहिली असेल. कपाट तसंच अर्धवट सोडून मी खाली बसून राहिले.

तेव्हा इथे सोलापुरात आमचे आठ यंत्रमाग होते, टॉवेलचे. ८ नोव्हेंबरला रात्री आठला पंतप्रधान मोदी नोटबंदी जाहीर करायला टीव्हीवर आले तेव्हा बाबा जेवत होते. कामगारांच्या पगाराचे पैसे घरातच होते, सगळे पाचशेच्या नोटांत. पगाराच्या दिवशी बाबांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, याच नोटा आहेत, घ्या, नाहीतर थोडं थांबा. ज्या मामांनी मला लहानपणी कांडी भरायला शिकवलं ते म्हणाले, “मालक, ही नोट बघून किराणावाला मला पायरी चढू देत नाही.” बाबा काहीच बोलले नाहीत. आमचे बाबा कुणाचा एक रुपया ठेवणारे नव्हेत. त्यांची ती खाली घातलेली मान मी विसरू शकत नाही.

१३ नोव्हेंबरला गोव्यात पंतप्रधानांनी पन्नास दिवस मागितले. त्यानंतर चूक निघाली तर देश म्हणेल त्या चौकात शिक्षा घेईन म्हणाले. बाबांनी कॅलेंडरवर ३० डिसेंबरला गोल केला आणि खरंच धीर धरला. पुढे २०१८ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचा अहवाल आला, ९९.३ टक्के नोटा परत आल्या होत्या. मग आमचं जे झालं ते कशासाठी? निर्णय चुकतात, बाबांचेही चुकले. पण ते कामगारांसमोर बसले होते. पंतप्रधान २०१४ पासून देशात एकदाही एकट्यानं खुली पत्रकार परिषद घेऊन प्रश्नांना उत्तरं देताना दिसले नाहीत. माझा राग त्याचा आहे.

तुमच्या घरात काय झालं ते लिहा. नोटबंदीचंच पाहिजे असं नाही.

शेंगाचटणी
आमच्याकडे बहिणीचं लग्न. तुळशीचं लग्न उरकलं की चौथ्या दिवशीचा मुहूर्त. लग्नासाठी खात्यातून अडीच लाख काढता येतील असं जाहीर झालं ते आमच्याकडचं लग्न लागलं त्याच्याच आसपास, आणि अटी तर त्याच्याही नंतर. पत्रिका दाखवा, कुणाला पैसे द्यायचे त्यांची यादी द्या, त्यांचं खातं नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा. मंडपवाला म्हणाला, दादा मी लिहून देतो, पण आधी लग्न तर होऊ दे. त्यानं आणि आचाऱ्यानं तीन महिने उधार ठेवलं. देव त्यांचं भलं करो.
त्याच आठवड्यात पंतप्रधान जपानमध्ये कोबेला भाषणात म्हणाले, घरी लग्न आहे आणि पैसे नाहीत. आणि हसले, समोरचे लोकही हसले. माझे वडील ते बघून टीव्हीसमोरून उठून गेले. नोटा परत मिळाल्या, मंडपवाल्याचेही फिटले. ते हसणं मात्र अजून टोचतं.

तळ्याकाठी
@शेंगाचटणी वाचून डोळ्यात पाणी आलं. बहीण बरी आहे ना? कुठे दिली?

शेंगाचटणी
पंढरपूरला. छान आहे, दोन मुलं.

अव्वाची_नात
आमची अव्वा विड्या वळते. वय सत्तर, अजून रोज पाचशे तरी होतात. नोटबंदीत कारखान्यानं काही दिवस तेंदूपत्ताच दिला नाही. पत्ता नाही, तंबाखू नाही, तर वळायचं काय? मग म्हणाले पगार खात्यावर जमा होईल. अव्वाला सही येत नाही, अंगठे झिजलेत सूत बांधून बांधून, मशीनवर ठसाच उठत नाही. मी कॉलेज बुडवून तिला घेऊन जायची.
नंतर १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विडीवर २८ टक्के. तेंदूपत्त्यावर १८. सेस सोडला तर मोठ्या गाड्यांवर जो दर तोच अव्वाच्या विडीवर. ते खाली आणायचं ठरायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, विडी १८ वर आणि पत्ता ५ वर. विडी वाईट आहे हे मलाही कळतं, आमच्या घरात दमा आहे. पण या बायकांना दुसरं काम काय द्यायचं याचा विचार कुणी आधी केला होता का? हजारो बायका आहेत ओ आपल्या गावात.
पाणी आलं, नंतर लिहिते.

बाळे_स्टेशन
मी त्यांना दोनदा मत दिलंय आणि ते लपवत नाही. सगळंच वाईट म्हणू नका. मुंबईची वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, माझ्या आईला केमोला नेताना तिचा मोठा आधार झाला. कामगारांच्या रे नगर वसाहतीतली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला त्यांनीच येऊन दिली. रस्ते बघा. नोटबंदी चुकली असेल, पण हेतू वाईट नव्हता असं मला आजही वाटतं.

मागाचा_आवाज
दादा, आईची तब्येत आता कशी आहे? मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं.

बाळे_स्टेशन
आता ठीक आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो.

अव्वाची_नात
@बाळे_स्टेशन अण्णा, रे नगरमध्ये माझ्या मावशीला घर मिळालंय. त्या दिवशी आम्ही कुंभारीला मैदानात होतो. लहानपणी मलाही असं घर मिळालं असतं तर, म्हणताना पंतप्रधानांचा आवाज भरून आला, मावशीही रडली. मी खोटं बोलणार नाही, तो क्षण खरा वाटला. पण त्या घरांसाठी कामगार नेते आडम मास्तरांच्या मागे मावशी किती वर्षं मोर्च्याला गेली हे मी बघितलंय. उन्हात, डबा घेऊन, त्या दिवसाची मजुरी बुडवून. घर कुणी दिलं असं विचारलं की माझ्या डोळ्यासमोर आधी तो डबा येतो.

हायवे_टच
रात्री आठ म्हटलं की मला २४ मार्च २०२०. दुसऱ्या दिवशी पाडवा. आई पुरणाची डाळ निवडत होती. बारापासून सगळं बंद, २१ दिवस. चार तास दिले फक्त. दुकानात ही झुंबड, साखरेच्या गाठ्या घ्यायला गेलेला माणूस गव्हाचं पोतं घेऊन परत.
आमचं घर पुणे-हैदराबाद रोडला लागून. थोड्याच दिवसांत चालणारी माणसं दिसायला लागली. डोक्यावर बोचकं, पोरं कडेवर. एका बाईच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायला सुरुवात केली, गल्लीतल्या बायका आल्या, मग रोज शंभर-दीडशे भाकरी. ज्यानं घोषणा केली त्याला हे लोक आहेत हे माहीतच नव्हतं का? आणि माहीत असेल तर? मला या प्रश्नाचं उत्तर पाहिजे.

तळ्याकाठी
भाकरी देणाऱ्या आईला नमस्कार सांगा.
आम्ही थाळ्या वाजवल्या होत्या, २२ मार्चला. ५ एप्रिलला नऊ मिनिटं दिवेही लावले. मनापासून. पण मे महिन्यात शेजारच्या काकांना बेड मिळाला नाही. त्यानंतर कुणी काही वाजवा म्हटलं की नको वाटतं.

माढ्याचा_कांदा
उशिरा आलो, रानात होतो.
माझं खातं जिल्हा बँकेत. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत असा हुकूम निघाला. आमच्या गावात दुसरी बँक नाही. रब्बीची पेरणी तोंडावर, बियाणं उधारीत घेतलं.
पण माझा खरा राग कांद्याचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, मग ८ डिसेंबरपासून निर्यात बंदच. गाडी भरून सोलापूर मार्केट यार्डात आणली होती. सौदा निघाला आणि आडत्या माझ्याकडे बघेचना. हमाली, तोलाई, भाडं वजा करून हिशेबाची पट्टी हातात आली तेव्हा मी ती बायकोला दाखवली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा २ रुपयांचा चेक मिळाला होता, सगळ्यांनी बातमी वाचली असेल. भाव पडतो तेव्हा कुणी येत नाही, जरा चढला की एका रात्रीत कागद निघतो. उत्पन्न दुप्पट करतो म्हणाले होते, २०२२ पर्यंत. मी वाट बघितली ओ.

शेंगाचटणी
दादा, ती पट्टी वहिनींना नंतर तरी दाखवली का?

माढ्याचा_कांदा
तिनंच खिशातून काढली, शर्ट धुताना. काही बोलली नाही. त्या दिवशी जेवायला मात्र माझ्या आवडीचं केलं होतं.

जुळे_सोलापूर
विषय थोडा वेगळा. विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला ऑनलाइन झालं, गोव्याचं विमान २०२५ च्या जूनमध्ये उडालं. विमानांना आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ ला. कुणी गेलंय का त्या विमानानं?

हायवे_टच
मेहुणा गेला. वेळेत पोचला म्हणे. चिमणी पडली त्या दिवशी माझे सासरे मात्र जेवले नव्हते, सभासद आहेत कारखान्याचे.

बाळे_स्टेशन
@माढ्याचा_कांदा तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. वर हेतूबद्दल लिहिलं ते मी मागे घेत नाही, पण कांद्याच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही.

मागाचा_आवाज
काल रात्री बाबांना सगळे अनुभव वाचून दाखवले. कांदेवाल्या दादांच्या ठिकाणी थांब म्हणाले, परत वाचायला लावलं. आठपैकी पाच माग २०१९ ला भंगारात गेले, तीन राहिलेत. ते मामा अजून येतात कामाला. बाबा विचारतायत, दादा मार्केट यार्डात परत कधी येणार?

माढ्याचा_कांदा
येत्या सोमवारी गाडी आहे. पहाटेच पोचतो.

मागाचा_आवाज
मग सौदा झाला की घरी या. जेवूनच जा. मामा तुम्हाला यार्डात घ्यायला येतील, त्यांची सायकल आहे, ओळखायला सोपं.