भोंडल्याच्या गाण्यांतील गूढार्थ : ‘ऐलमा पैलमा’पासून ‘धाडा ना’पर्यंत

‘ऐलमा पैलमा’ म्हणजे इहलोक आणि परलोक, ‘कारल्याची वेल’ म्हणजे संसाराचा कडूपणा, अशा अर्थांची चर्चा भोंडल्याच्या गाण्यांविषयी नेहमी होते. हे अर्थ ऐकायला सुंदर वाटतात. परंतु एखाद्या शब्दाला गूढार्थ देण्याआधी तो शब्द त्या गाण्यात कोणते काम करतो, हे पाहायला हवे, असे माझे मत आहे.

‘ऐल’ म्हणजे अलीकडचा आणि ‘पैल’ म्हणजे पलीकडचा, याबद्दल वाद नाही. ‘ऐलतीर’, ‘पैलतीर’ हे शब्द आजही वापरात आहेत आणि संतवाङ्मयात पैलतीराला पारमार्थिक अर्थ आहे, हेही खरे. मात्र याच गाण्यात पुढे ‘एविनी गा तेविनी गा’ येते आणि शेवटाकडे ‘अतुल्या मतुल्या’ येते. या तिन्ही जोड्यांची घडण एकच आहे : पहिला शब्द स्वराने सुरू होतो आणि दुसरा त्याच शब्दाच्या आरंभी व्यंजन लावून तयार होतो. ‘अडम तडम’, ‘आपडी थापडी’ या मुलांच्या खेळांतील बोलांची घडणही हीच आहे. ‘अक्कण माती चिक्कण माती’ यात ‘चिक्कण’ला अर्थ आहे, ‘अक्कण’ मात्र त्याच्या नादाला जोड म्हणून आलेला आहे. म्हणजे अशा जोडीत सार्थ शब्द असू शकतात, पण जोडी जुळते ती नादासाठी, फेर धरणाऱ्यांची पावले एका ठेक्यात पडावीत म्हणून. ‘ऐलमा पैलमा’ला लागूनच ‘गणेश देवा, माझा खेळ मांडू दे, करीन तुझी सेवा’ असे मागणे येते. त्या मागण्यात परलोकाचा विषय कुठेच नाही. खेळ निर्विघ्न व्हावा एवढीच इच्छा आहे.

नादाचे हे काम गाण्याच्या मध्यभागी अधिक स्पष्ट दिसते. ‘पडपड पावसा थेंबोथेंबी, थेंबोथेंबी आडव्या लोंबी, आडव्या लोंबती अंगणा’ या ओळींत एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीचा आरंभ होतो. ज्या गाण्याला वही नाही आणि जे वर्षातून थोडेच दिवस म्हटले जाते, त्याला अशी साखळी स्मरणासाठी फार उपयोगी पडते. ‘आयुष्य दे रे भामाळी’ या ओळीतील ‘भामाळी’चा उलगडाही मला याच साखळीत दिसतो. काही जणी हीच ओळ ‘आयुष्य दे रे बा माळी’ अशी म्हणतात, आणि पुढची ओळ ‘माळी गेला शेता भाता’ अशी आहे. ‘बा’ हे जुने संबोधन. ‘बा माळी’ जलद म्हटले की ‘भामाळी’ होण्यास वेळ लागत नाही. एखाद्या अनोळखी देवतेची कल्पना करण्यापेक्षा दोन पाठ, म्हणजे ओळीची दोन रूपे, शेजारी ठेवणे येथे अधिक फलदायी ठरते.

याचा अर्थ या गाण्यांत सखोल असे काही नाहीच, असा मुळीच नव्हे. ‘ऐलमा पैलमा’तीलच ‘आमच्या गावच्या भुलोजी नायका’ या ओळीतील ‘भुलोजी’ हा केवळ नाद नाही. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसवतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. एका प्रदेशाच्या गाण्यातील नाव दुसऱ्या प्रदेशाच्या उत्सवामुळे उलगडते. भोंडल्यालाच काही ठिकाणी ‘हादगा’ म्हणतात, आणि या नावाचा संबंध हस्त नक्षत्राशी जोडला जातो. सूर्य साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दहा-अकरा तारखेपर्यंत या नक्षत्रात असतो, आणि फेराच्या मध्यभागी पाटावर हत्ती मांडला जातो. पाऊस, लोंबी, कणसे यांचा उल्लेख गाण्यात का आहे, हे त्या दिवसांतल्या शेताकडे पाहिले की कळते.

गूढार्थ मुद्दाम योजलेली रचना कशी असते, हे एकनाथांच्या भारुडांत पाहावे. ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ या भारुडातील सून सासूसासऱ्यांसह सर्वांचा नाश मागते, आणि शेवटी ‘एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला’ असे म्हणते. त्या शेवटच्या ओळीने आधीचे सगळे नातेवाईक म्हणजे जीवाला बांधणारे पाश ठरतात. सोळाव्या शतकातील या कवीने अर्थ लपवला आणि तो उघडण्याची सोयही स्वतःच करून ठेवली. भोंडल्याच्या गाण्याला असा एक कर्ता नाही आणि ‘एका जनार्दनी’सारखी कर्त्याचे नाव सांगणारी नाममुद्रेची ओळही नाही. म्हणून भारुडाची रीत त्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

आता कारल्याच्या वेलीकडे येतो. सासू सांगते, ‘कारल्याची वेल लाव गं सुने, मग जा अपुल्या माहेरा’. वेल लावून झाली की फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी कर, अशी अट पुढे सरकत जाते. कारले कडू आहे म्हणून ते निवडले, असे म्हणण्याला माझा विरोध नाही. पण भोपळ्याची वेल असती, तरी गाण्याची वेदना तेवढीच राहिली असती, कारण वेल लावण्यापासून फळ लागेपर्यंत अख्खा हंगाम निघून जातो आणि सून तेथेच असते. याहून मोठी गोष्ट क्रियापदांत आहे. सासू ‘जा’ म्हणते. सून मात्र ‘जाऊ का’ असे विचारत नाही. ती ‘आता तरी धाडा ना’ म्हणते. जाणे ही सासूच्या लेखी सुनेची क्रिया आहे, सुनेच्या लेखी ती दुसऱ्याने करायची क्रिया आहे. काही ठिकाणी ‘जाऊ द्या’ असा पाठ आहे, त्यातही निर्णय समोरच्याच्याच हाती राहतो. ‘तरी’ या अव्ययात आधीचे सगळे नकार साठलेले आहेत, आणि ‘ना’ हा आर्जवाचा आहे.

हा अर्थ गाणाऱ्यांपासून कधी लपलेला नव्हता. फेरात ‘धाडा ना’ म्हणणाऱ्यांत सासुरवाशिणीही होत्या, सासर अजून न पाहिलेल्या मुलीही होत्या. घरात एकटीने मोठ्यांसमोर जे बोलता येत नसे, ते अंगणात सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणता येत होते.