मदत हवी आहे : सर्पदंशाच्या अभ्यासासाठी निधी, प्रशिक्षण आणि गावाचा सहभाग

पानकळा

नमस्कार. पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात एका लहान धर्मादाय संस्थेचे वीस खाटांचे रुग्णालय आहे, तेथे मी अकरा वर्षे डॉक्टर म्हणून काम करते आहे. संशोधन हा माझा पेशा नाही, परंतु गेल्या सहा पावसाळ्यांत आमच्याकडे आलेल्या सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद मी एका वेगळ्या वहीत ठेवली आहे: दंश कुठे आणि किती वाजता झाला, रुग्ण आमच्या दारात केव्हा पोचला, आणि मधल्या वेळात तो कोणाकोणाकडे जाऊन आला. ही वही वाचताना जे दिसते ते अस्वस्थ करणारे आहे. नाग किंवा घोणस चावलेला माणूस वेदनेमुळे आणि सुजेमुळे लवकर मदत शोधू लागतो. मण्यारीचे तसे नाही. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही; पहाटे पोटात कळा येऊ लागतात, पापण्या मिटू लागतात, आणि घरच्यांना वाटते की रात्रीचे काही बाधले असेल. असे रुग्ण आमच्यापर्यंत येतात तेव्हा त्यांना श्वासासाठी यंत्र लावण्याची वेळ आलेली असते. जे आलेच नाहीत, त्यांच्याविषयी माझी वही काहीच सांगत नाही.

नेमके हेच मला शोधायचे आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. सरकारी दप्तरातील आकडा त्याच्या आसपासही जात नाही, कारण पाड्यावर झालेला मृत्यू पुष्कळदा कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करावा असे राज्यांना कळवले. मात्र ही नोंद रुग्णालयातून व्हायची आहे. आमच्या परिसरातील चाळीसएक पाड्यांवर घरोघर जाऊन, घरच्यांशी बोलून मृत्यूचे कारण ठरवण्याच्या मान्य पद्धतीने मागील काही वर्षांचे मृत्यू मोजावेत आणि उपचाराला उशीर का होतो ते समजून घ्यावे, अशी माझी योजना आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात राहून, रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींवरून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांचे उदाहरण आम्हा सगळ्यांना धीर देणारे आहे. परंतु त्यांचा प्रश्न खाटेवर झोपलेल्या रुग्णाविषयी होता आणि माझा प्रश्न रुग्णालयाबाहेरचा आहे. त्याला गाडी, माणसे, प्रश्नावली आणि दोन-तीन वर्षांचा पगार लागतो, म्हणजेच निधी लागतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका निधी देणाऱ्या संस्थेकडे प्रस्ताव पाठवला होता. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की भगतावरील, म्हणजे मंत्रतंत्राने उपचार करणाऱ्यावरील विश्वास हे विलंबाचे मुख्य कारण आहे आणि तो किती आहे ते आम्ही मोजू. प्रस्ताव पाठवल्यानंतर, म्हणजे उलट्या क्रमाने, मी एका पाड्यावर बैठक घेतली. तेथे एक वयस्कर बाई म्हणाल्या, "भगताकडं का जाता ते सगळे विचारतात. रात्री अकराला जीपवाला किती मागतो, ते कोणी विचारत नाही." भगत उंबऱ्याशी असतो, त्याचे पैसे नंतर दिले तरी चालतात, आणि जीपची वाट पाहताना हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा त्याच्याकडे गेलेले बरे, एवढाच त्यांचा हिशेब होता. खाली उतरताना मला माझ्या प्रस्तावाची लाज वाटली. पुढे तो परत आला तेव्हा एक शेरा असा होता की गावबैठकांसाठी मागितलेल्या खर्चाला अंदाजपत्रकात शीर्षक नाही. प्रश्न गावाकडून घ्यावा तर प्रश्न ठरल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि पैसे मिळाल्यावर प्रश्न बदलता येत नाही, अशा पेचात मी आहे.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. आमच्यासारख्या संस्थेने निधीसाठी कोणाच्या दारात जावे? मला संख्याशास्त्र आणि संशोधनाची आखणी रुग्णालय न सोडता कोठे शिकता येईल? आणि गावाला केवळ माहिती देणारे न ठेवता अभ्यासात खरोखर सामील करून घेण्याची, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीलाही मान्य होईल अशी पद्धत कोणी वापरली आहे का? आमच्या संस्थेला परदेशी देणगी घेण्याचा परवाना आहे, स्वतःची नैतिकता समिती नाही.

बोरूबहाद्दर

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात चौदा वर्षे कागद हलवतो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते बोलतो.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, बाह्य संशोधन योजनेत लहान अनुदान दोन कोटी रुपयांपर्यंत आणि चार वर्षांपर्यंत असते. आपल्याला त्याचा छोटा अंशच लागेल, परंतु अडचण रकमेची नाही. स्वयंसेवी संस्थेला तेथे थेट अर्ज करायचा तर डीएसआयआर, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागते, आणि ती आपल्या संस्थेकडे नसावी असे मी धरून चालतो. तेव्हा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) विभागातील नियमित सेवेतील एखाद्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक करावे आणि आपण सहसंशोधक राहावे. हा सल्ला मानाला थोडा लागतो, हे मी जाणतो. म्हणून आधीच लेखी करार करा की माहितीची मालकी कोणाची, लेखावर नावांचा क्रम काय, आणि क्षेत्रातील कर्मचाऱ्यांचा पगार कोणत्या खात्यातून निघेल. नंतर होणारी भांडणे बहुतेक याच तीन गोष्टींवरून होतात. स्वतःची नैतिकता समिती नसल्याने काही अडत नाही; आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिच्याकडून मंजुरी घेता येते, फक्त ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना ते पाहून घ्या.

परदेशी निधीविषयी सावध करतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, दोघींकडे परवाना असला तरीही. म्हणजे एखाद्या मोठ्या संस्थेला मिळालेल्या परदेशी निधीतील वाटा आपल्याला घेता येणार नाही. परदेशी संशोधकांशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते, आणि तिच्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो.

केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांच्या 2008 पासून चालणाऱ्या इंडिया अलायन्सची डॉक्टरांसाठी वेगळी पाठ्यवृत्ती आहे. ती प्रकल्पाला नव्हे, व्यक्तीला मिळते आणि पगारासकट काही वर्षांचा वेळ देते. स्पर्धा तीव्र असते; तरीही आपली सहा पावसाळ्यांची वही हे तेथे भांडवल ठरू शकते. गावबैठकांच्या पहिल्या टप्प्यासाठी मात्र मी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी सुचवीन. आपल्या जिल्ह्यात कारखाने कमी नाहीत, संस्थेची सीएसआर-1 नोंदणी असली की अर्ज करता येतो, आणि त्या मंडळींना गावबैठकांचा खर्च विचित्र वाटत नाही.

माळरान

बोरूबहाद्दर यांच्याशी सहमत आहे, पण आपला मूळ पेच मला पैशांपेक्षा आखणीचा वाटतो आणि तो सुटण्यासारखा आहे. प्रस्तावात कारण ठरवून टाकू नका, मोजायची गोष्ट ठरवा. 'दंशापासून प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेपर्यंत गेलेला वेळ' हे मोजमाप कायम राहील, मग उशिराचे कारण भगत निघो, जीप निघो किंवा रात्रपाळीला डॉक्टर नसणे निघो. पहिले सहा महिने गुणात्मक टप्पा म्हणून दाखवा, त्यात गावबैठका आणि मुलाखती घ्या, आणि प्रश्नावली त्या टप्प्याच्या अखेरीस अंतिम होऊन सुधारित रूपात पुन्हा नैतिकता समितीपुढे जाईल असे आधीच लिहून ठेवा. खर्चाचे शीर्षक 'बैठका' असे न देता 'गुणात्मक माहिती संकलन' असे द्या. ही पळवाट नाही, ते कामच तसे आहे.

प्रशिक्षणासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे संशोधनविषयक ऑनलाइन अभ्यासक्रम पाहा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जो सक्तीचा आहे तोही त्यांचाच आहे. शिकणे विनामूल्य, शुल्क फक्त परीक्षेचे. तो केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चालणाऱ्या 'सॉर्ट इट' या प्रशिक्षणाचा विचार करा. त्यात स्वतःच्याच कार्यक्रमातील माहिती घेऊन यायचे असते आणि लेख लिहून पाठवल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण होत नाही. आपली वही त्यासाठीच जन्मली आहे असे मी म्हणेन. याखेरीज डहाणूला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, आयसीएमआरच्या मुंबईतील संस्थेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे आणि तेथे सर्पदंशावर काम झालेले आहे. चेन्नईच्या आधी डहाणूला जाऊन या.

सहभागाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः काही वर्षे आरोग्यसेवेवरील लोकाधारित देखरेखीच्या कामात होतो. 2007 मध्ये राज्यात ते काम पाच जिल्ह्यांत सुरू झाले, त्यात तेव्हाचा ठाणे जिल्हाही होता, म्हणजे आपला परिसर त्यातच आला. गावाची समिती स्वतः आरोग्यसेवेला गुण देई आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचले जात. तेव्हाचे काही कार्यकर्ते अजून त्या भागात असतील. त्यांना गाठा, नवी समिती काढण्याआधी जुनी माणसे शोधा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेने 1986 पासून जे केले तेही पाहण्यासारखे आहे. नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा त्यांचा 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास 39 गावांत झाला आणि तुलनेसाठी 47 गावे होती, हे सगळे सांगतात. पण आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते हे त्यांनाच विचारून तेथील रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले, ते मला तितकेच मोलाचे वाटते.

व्यवहारात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ग्रामसभेची संमती ही प्रत्येक व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, दोन्ही लागतात, आणि संमतीचे बोलणे वारली किंवा कोकणा बोलीत, साक्षीदारासमोर व्हावे. सल्लागार मंडळात बसणाऱ्या गावकऱ्यांना बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या. चहा-बिस्किटांवर कोणाचा दिवस मोडू नका. तिसरे म्हणजे भगतांना मंडळात घ्या. निदान एकाला तरी. रुग्ण त्यांच्याकडे किती वाजता आला, हे त्यांच्याइतके नेमके कोणीच सांगू शकणार नाही.

पानकळा

दोघांचेही मनापासून आभार. कारण न ठरवता मोजमाप ठरवावे, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. भगताला मंडळात घेण्याची सूचना वाचून प्रथम दचकले, कारण आमच्याच संस्थेतील काही सहकाऱ्यांना ते अंधश्रद्धेला मान्यता दिल्यासारखे वाटेल; परंतु वेळेची नोंद हा मुद्दा त्यांच्यापुढे ठेवता येईल.

परवाच्या बैठकीत आणखी एक गोष्ट कळली, ती येथे मांडते, कारण अभ्यासाच्या आखणीशी तिचा संबंध आहे. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात, त्यामुळे ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या घरांत कागद करण्याची काहीतरी निकड असते. कातकरी कुटुंबांकडे सातबारा नाही. तेथे मृत्यू नोंदवून हाती काही लागत नाही, आणि दिवाळीनंतर ती कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. आम्ही घरोघर पाहणी जानेवारीत ठेवली होती. ती तशीच ठेवली तर ज्यांचे मृत्यू सर्वांत कमी नोंदले जातात, नेमकी तीच घरे आम्हाला कुलूपबंद मिळतील.

पाहणी पावसाळ्यात करावी तर भाताच्या आवणीच्या दिवसांत घरी कोणी नसते आणि काही पाड्यांचा रस्ता तुटतो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांमध्ये अशी पाहणी कोणी केली असल्यास, ती भट्टीवर जाऊन केली की परतल्यावर मे महिन्यात, आणि भट्टीमालकाच्या देखत घेतलेली संमती नैतिकता समितीने कशी पाहिली, ते कृपया कळवावे. डहाणूच्या केंद्राला आज पत्र लिहिते आहे.