पेनड्राइव्ह आणि ४ जीबीची अट
मुंजीचा दीड तासाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही म्हणताय, तर तो पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असणार. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, जागा कितीही रिकामी असो. एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून बघता येईल, पण बरेच जुने टीव्ही ते ओळखत नाहीत (आमचा तर नाहीच). त्यापेक्षा फाइल एमपी४, व्हिडिओ दाबायची पद्धत एच.२६४, चित्राचा आकार १०८०पी ठेवा आणि बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) उतरवा. ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, दीड तासाचे ५.४ जीबी. ५ एमबीपीएसला साधारण ३.४ जीबी, आवाज धरूनही बसतं. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) मात्र चित्रीकरणाचाच असू द्या. २५चे ३० केलेत की कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. आणि व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना तुकडे पाठवाल ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा उतरत नाही.