व्हिडिओच्या आधी रेडिओ

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं चाललं ते व्हिडिओमुळे, असं म्हटलं जातं. मला अर्धंच पटलं. व्हिडिओ नोव्हेंबर १९७५ चा. त्याआधीच केनी एव्हरेट या रेडिओ निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर एका शनिवार-रविवारात गाणं १४ वेळा वाजवून टाकलं होतं! पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं सिंगल (एका गाण्यासाठीची वेगळी रेकॉर्ड) काढायला रेकॉर्ड कंपनी कचरत होती, आणि इकडे लोक दुकानांत विचारायला लागले.

मला खरी गंमत वाटते ती गाण्याच्या मधल्या, ऑपेरासारख्या भागाची. २४ ट्रॅकची टेप, म्हणजे २४ ध्वनी वेगवेगळे साठवता येतील अशी, आणि गाणारे बँडमधले तिघंच: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर. आवाजावर आवाज चढवायचे, ट्रॅक भरले की एकत्र करून जागा मोकळी करायची, पुन्हा गायचं. या भागालाच तीनेक आठवडे गेले. टेप इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा थर झिजला, उजेडात धरली तर आरपार दिसायचं म्हणे. टेलरचा तो सगळ्यात वरचा सूर एकदा हेडफोनवर ऐकाच.

ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला नंबर, मर्क्युरी गेल्यावर १९९१ मध्ये पुन्हा पहिला. आणि हो, मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या शाळेतला पोरगा. हे आपण मराठी लोक दर वेळी सांगतोच, मीही सांगितलं.