सोसायटीची कागदपत्रं कोणाच्या खात्यात?

सचिव (ए-४०१): नमस्कार मंडळी. लिफ्टवाल्यांचा आत्ता फोन आला होता. एएमसीचं (वर्षभराच्या देखभाल कराराचं) कोटेशन त्यांनी सोमवारी मेल केलं, ते परत गेलं. सोसायटीच्या जीमेलला 'स्टोरेज भरलं' असं लाल अक्षरात येतंय. जुने मेल डिलीट करत बसू का?

बी-३०२: काका, थांबा. आधी जागा कशाने भरलीय ते बघा. १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. भरले की नवीन मेल येणंच बंद होतं.

सचिव (ए-४०१): मेल २.१, ड्राइव्ह १.३, फोटो ११.६. एवढे फोटो कुठले?

सी-१०२: ते माझ्याकडून. मी सचिव असताना हे खातं माझ्या फोनवर होतं, फोटो बॅकअप चालू राहिला. गणपतीचे व्हिडिओ आहेत, टाकीच्या गळतीचे पण आहेत. गळतीचे प्लीज उडवू नका, बिल्डरला पाठवायचेत.

बी-३०२: म्हणजे गोंधळ फोटोंचा आहे. १ जून २०२१ पासून गुगल फोटोमध्ये टाकलेलं सगळं या १५ जीबीत मोजतात. कागदपत्रांना जागा फार लागत नाही.

ए-१०३: मग दुसरीकडे हलवू. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स?

बी-३०२: वनड्राइव्ह फुकट ५ जीबी, ड्रॉपबॉक्स २. आयक्लाउडही ५, पण आपल्याकडे बहुतेकांचे अँड्रॉइड फोन. जागेसाठी बदलण्यात अर्थ नाही. माझी काळजी वेगळीच आहे. काका, खात्याच्या सिक्युरिटीमध्ये रिकव्हरी नंबर कोणता दिसतोय?

सचिव (ए-४०१): शेवटी ४७ आहे.

सी-१०२: तो ए-२०२ च्या काकांचा.

डी-२०१: काका जाऊन दीड वर्ष झालं.

बी-३०२: हो ना. वहिनींनी तो नंबर बंद केला असेल, तर तीन महिन्यांनी तो दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. उद्या पासवर्ड विसरला तर कोड त्या अनोळखी माणसाला जाईल. सभासदांच्या नोंदीच्या आय आणि जे रजिस्टरचे स्कॅन, ऑडिट रिपोर्ट, कन्व्हेयन्स डीडची (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याच्या दस्ताची) प्रत, सगळं त्याच खात्यात आहे. म्हणून किती जीबी यापेक्षा खातं कोणाचं आणि किल्ली कोणाकडे, हे आधी ठरवा. सोसायटीच्या ऑफिसच्या मोबाइलचा नंबर रिकव्हरीला टाका, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा, फोन हाताशी नसताना लागणारे बॅकअप कोड छापून पाकिटात घालून खजिनदारांकडे द्या. कमिटी बदलली की पाकीट पुढच्यांकडे.

खजिनदार (बी-१०१): मी माझ्या ड्राइव्हवर फोल्डर करून सगळ्यांना शेअर केलं तर? माझ्याकडे १०० जीबी आहेत.

बी-३०२: नको काका. शेअर केलं तरी मालकी तुमचीच राहते. तुमचं खातं बंद झालं की फोल्डरही गेलं. आणि दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गुगल ते खातं काढून टाकू शकतं. जागा कमी पडली तर सोसायटीच्याच खात्यावर प्लॅन घेऊ, कमिटीत ठराव करून.

डी-२०१: मला एक विचारायचंय. मागच्या महिन्यात जागा व्हावी म्हणून मी फोनमधून आईचे फोटो काढले. वाटलं, वर क्लाउडमध्ये आहेतच. तिथूनही गेले. शेवटच्या दिवाळीचे होते. ती मोत्याची नथ घालून बसलीय तो पण.

बी-३०२: मावशी, आत्ता गुगल फोटो उघडा आणि ट्रॅश बघा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. बाकी सगळं नंतर.

बी-३०२: तोवर इतरांसाठी लिहिते. फोन आणि क्लाउड जोडलेले असतात, इथे उडवलं की तिथेही उडतं. फोन मोकळा करायचा तर ॲपमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा, ते फक्त फोनमधली प्रत काढतं. आयफोनवाल्यांनीही जपून, तिथे काढलेला फोटो ३० दिवसच राहतो. म्हणून एक प्रत क्लाउडबाहेर हवीच. गळतीचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर घेऊन ऑफिसच्या कपाटात ठेवू, नीट उघडतात हे तपासून मगच खात्यातून काढू.

डी-२०१: सापडले! सगळे आहेत. नथीचा पण. देव तुझं भलं करो गं.

ए-१०३: मग फोल्डरची लिंक इथे ग्रुपवर टाका, सगळ्यांना दिसेल.

बी-३०२: ऑडिट रिपोर्टची टाका. पण भाडेकरूंचे आधार, पोलीस व्हेरिफिकेशन आणि नॉमिनेशन फॉर्म वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त कमिटीच्या तिघांच्या मेल आयडीला. 'लिंक असलेला कोणीही' असं ठेवलं की ती लिंक ग्रुपवरून कुठेही जाते.

खजिनदार (बी-१०१): आणि मूळ कागद?

बी-३०२: ते तसेच कपाटात. स्कॅन झालं म्हणून एकही कागद रद्दीत जायला नको.

सचिव (ए-४०१): रविवारी ११ ला ऑफिस उघडतो. सी-१०२, तुमचा तो फोन घेऊन या. लिफ्टवाल्यांना मी तोवर कोटेशन छापून आणायला सांगतो.